आवाजाचा प्रवास

संध्याकाळी सातचा सुमार. शेतातील कामे आटोपून स्त्रिया घरी परतलेल्या. चूल पेटलेली असते आणि कोनाड्यातील लहानसा रेडिओ त्यांच्याच बोलीत बोलू लागतो. बियाणे कसे राखावे, हे शेजारच्या गावातील एखादी शेतकरी स्त्री सांगत असते. तेलंगणातील जहीराबादजवळच्या माचनूर येथील ‘संगम रेडिओ’ने घरोघरी पोहोचवलेला हा अनुभव आहे.

हा आवाज येतो कसा? ध्वनिक्षेपक बोलण्यातील कंपनांचे विद्युत्‌संकेतात रूपांतर करतो. तो संकेत ध्वनिमुद्रित होतो. अनावश्यक भाग वगळून कार्यक्रम सिद्ध होतो. ठरलेल्या वेळी तो तारेवाटे प्रक्षेपकाकडे जातो. तेथे त्याला ९०.४ मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे नऊ कोटी आंदोलने असणाऱ्या लहरीवर आरूढ केले जाते. उंच मनोऱ्यावरील अँटेना ती लहर चहूकडे पसरवते. ही लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. डोंगर आडवा आला की क्षीण होते. म्हणून मनोरा उंच हवा. सामुदायिक केंद्राच्या प्रक्षेपकाची शक्ती साधारणपणे ५० वॅट, घरातील एखाद्या जुन्या दिव्याएवढी! तरीही आसपासच्या अनेक गावांना ती पुरते.

यंत्रांतून होणारा हा प्रवास क्षणार्धाचा. माणसांचा प्रवास मात्र दीर्घ होता. हे केंद्र चालवणाऱ्या दलित स्त्रिया परवाना मिळण्यापूर्वी अनेक वर्षे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत होत्या. प्रक्षेपणाची अनुमती नव्हती, म्हणून त्या फिती गावोगावच्या महिला संघांच्या बैठकींत ऐकवल्या जात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरींचे माध्यम ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी झाली. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूरचे केंद्र सुरू झाले. उद्‌घाटनाला आले होते १९९५ चा तो निर्णय देणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत.

ज्यांना अक्षरांनी दूर ठेवले, त्यांच्या ज्ञानाला ध्वनीने वाट दिली. पिढ्यान्‌पिढ्या ऐकण्याचेच काम ज्यांच्या वाट्याला आले, त्या बोलू लागल्या आणि गावे ऐकू लागली. मनोऱ्याची खरी उंची मोजायची ती यानेच.