मुळेचं पाणी, दोन तऱ्हांच्या होड्या

मुलांनो, पुण्याच्या मुळा नदीचं पाणी शेवटी कुठे जातं? भूगोलाचं उत्तर तुम्हाला पाठ असेल. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. उत्तर बरोबर, पण अपुरं! याच मुळेचं पुष्कळसं पाणी सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. चला, आज दोन्हीकडच्या होड्या पाहू.

आधी शहरातली. संगमापाशी पाणी कसं तळ्यासारखं संथ असतं, पाहिलंत? खाली बंडगार्डनचा बंधारा ते अडवून धरतो. सर जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीतून तो एकोणिसाव्या शतकात बांधला गेला. या संथ पाण्यावर इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ पासून आहे. मार्चमध्ये संध्याकाळी तिथे 'रेगाटा' होतो. पाणी काही स्वच्छ नाही, जलपर्णीही त्रास देते. पण मुलं मन लावून वल्हवतात.

इथली एकट्याची शर्यतीची होडी सुमारे आठ मीटर लांब असते. रुंदी मात्र हातभरही नाही! लांब, सडपातळ होडी सरळ आणि वेगानं जाते. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावचे दत्तू भोकनळ लष्करात आल्यावर पुण्यात असं वल्हवायला शिकले आणि २०१६ साली थेट रिओ ऑलिंपिकमध्ये उतरले.

आता पौडवरून मुळशीला जाऊ. धरणाचं पाणी सुंदर दिसतं; पण त्याच्या तळाशी गावं आणि भाताची खाचरं आहेत, बरं का! ती वाचवण्यासाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकारानं मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. धरण तरीही झालं. त्याचं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली, भिऱ्याच्या वीजघरात कोसळतं, वीज करतं आणि पुढे कुंडलिका नदीला मिळतं. ताम्हिणी घाट उतरून कोलाडच्या बाजूला गेलात, की हीच नदी दगडांवरून फेसाळत धावताना दिसते.

इथे आपली आठ मीटरची होडी आणली तर? पहिल्याच दगडाला अडकून मोडेल. इथे हवी आखूड होडी, तीही दोन्ही टोकांना वर उचललेली. एका मुलीनं वर्गात विचारलं, "बाई, म्हणजे केळ्यासारखी?" अगदी तशीच! केळं टेबलावर ठेवून बोटानं फिरवा, गर्रकन फिरेल. पट्टी तशी फिरत नाही. दगड चुकवायचे तर फिरणं महत्त्वाचं.

कुंडलिकेवर मुख्यतः रबरी तराफे असतात आणि सोबत कायाक. कायाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात, वल्ह्याला दोन्हीकडे पाती असतात. कनूत मात्र गुडघे टेकायचे आणि एकाच पात्याचं वल्हं. कनू वरून उघडी, म्हणजे लाट आली की पाणी आत! एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. तीनशे लिटर आत शिरलं तर तीनशे किलो ओझं झालं, होडी हलेल कशी?

म्हणून होडी विकत घेतली तरी काम संपत नाही, तिला सजवावं लागतं. पुढे-मागे हवेच्या मोठ्या पिशव्या कोंबून त्या दोरीच्या जाळीनं घट्ट आवळतात. जिथे हवा आहे तिथे पाणी कसं मावणार? घरी करून बघा. स्टीलच्या वाटीत पाणी भरलं की ती बादलीत बुडते. वाटीभर फुगा रबरानं तिला बांधा, मग दाबली तरी वर येईल. मधोमध फोमचा ठोकळा चिकटवतात, त्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं. गुडघ्यांखाली मऊ गाद्या आणि मांड्यांवरून पट्टे. पट्ट्यांमुळे कंबर हलली की होडी हलते, जणू अंगातच घातली आहे. पण मला विचाराल तर सगळ्यात मोलाची गोष्ट पट्ट्याची कडी. होडी उलटली, की एका झटक्यात ती सुटलीच पाहिजे.

वल्हवणाऱ्याला खळाळात विसावाही मिळतो. मोठ्या दगडाच्या मागे पाणी शांत असतं, कधी उलटं वरच्या बाजूला फिरतं. तिथे नाक घालायचं आणि वळणाच्या आतल्या बाजूला झुकायचं. तुम्ही सायकल वळवताना झुकता ना, तसंच! बाहेर झुकलं तर पाणी होडीच्या कडेवर चढून तिला पालथी करतं.

पडलात तर उभं राहायचं नाही. दगडांच्या फटीत पाय अडकतो आणि पाण्याचा लोट माणसाला वाकवतो. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, तळवे पुढे. आधी जाकीट आणि शिरस्त्राण हवंच.

आई-बाबांनो, कुंडलिकेवर बहुतेक ठिकाणी १४ वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत, तेव्हा हट्ट पुरवू नका. लहानग्यांनी काठावरून पाहावं. आणि जायचं तर सकाळी. वीज केल्यावर सोडलेलं पाणी साधारण सकाळीच येतं. ते ओसरलं, की ज्या लाटांवरून तराफे उडत गेले तिथे काळे दगड उघडे पडतात.