बार्शीचा मेहबूब

आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुलींना बीटीएसचं वेड आहे. कोरियातली सात पोरं, २०१३ पासून एकत्र गातात. चकलांब्यात मोबाइलची रेंज येते-जाते, पण त्या सातही जणांची नावं मुलींना पाठ. यात मला गैर वाटत नाही. मित्रांनी मिळून गावं, लोकांनी वेडं व्हावं, ही जुनीच गोष्ट आहे. मी त्यांना सांगितलं, असा एक बँड आपल्याकडेही होता.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊ चोविशीचे, अमर शेख तिशीच्या आतले. कम्युनिस्ट चळवळीचं हे पथक गिरणी कामगारांच्या वस्त्यांत गायचं. डफावर थाप मारून अमर शेखांनी पहाडी आवाज लावला की सभा थांबायची. ‘माझी मैना’ ही अण्णा भाऊंची छक्कड. महाराष्ट्राच्या कानात ती अमर शेखांच्या आवाजात बसली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा आवाज गावोगाव फिरला.

एका मुलीनं विचारलं, “सर, ये मुसलमान थे क्या?”

होते. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शीचा. आईचं नाव मुनेरबी. गाण्याचा वारसा तिच्याकडूनच आला. बसवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, मग शाहीर. ‘कलश’, ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह लिहिले, १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटात काम केलं. कवयित्री मल्लिका अमर शेख ही त्यांची मुलगी. १८ जुलै १९६९ ला अण्णा भाऊ गेले आणि बरोबर बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले.

अण्णा भाऊंची जयंती १ ऑगस्टला आमच्या भागात धूमधडाक्यात होते, व्हायलाच हवी. २० ऑक्टोबर मात्र गुपचूप निघून जातो. मोहल्ल्याला वाटतं, कम्युनिस्ट माणूस, गाणंबजावणं करणारा, आपला कसा? बाहेरच्यांना आवाज आठवतो, पण त्या आवाजामागचा मेहबूब आठवत नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तसं झालंय.

याची झळ रोज लागते. घरात दखनी, वर्गात उर्दू आणि मराठी, बाजारात मराठी, असं आमचं आयुष्य. तरी कुणीतरी भेटतंच आणि कौतुकानं म्हणतं, “सर, तुमचं मराठी फार छान आहे हो!” त्या माणसाच्या मनात वाईट काही नसतं. पण माझ्याच घरात मला पाणी विचारल्यासारखं वाटतं.

म्हणून त्या दिवशी फळ्यावर दोन शब्द लिहिले. उर्दूत शाइर, मराठीत शाहीर. अरबीतून निघालेला शब्द फारसीच्या वाटेनं दख्खनमध्ये आला, इथल्या मातीत रुजला आणि त्यानं शिवरायांचे पोवाडे गायले. डफाचंही तसंच. आता त्या शब्दाला कुणी विचारावं का, तुझं मराठी इतकं छान कसं?

तुमच्या घरी अमर शेखांना प्रत्यक्ष ऐकलेले कुणी आजोबा, नानी असतील, तर आजच शेजारी बसा आणि विचारून लिहून ठेवा. ती माणसं आता थोडी उरली आहेत.