उघड्या चाकाची चमक

चाकावर लेप आहे की धातू उघडाच आहे, हे ओळखायची ट्रकवाल्यांची रीत अगदी सोपी आहे. फडक्याच्या टोकावर जरासं पॉलिश घ्यायचं आणि रिमच्या एका कोपऱ्यात जोर लावून घासायचं. फडकं स्वच्छ राहिलं तर वर पारदर्शक लेप आहे. हात आवरायचा, तिथे साबणपाणी पुरे. फडकं काळंकुट्ट झालं तर चाक उघडं. मग बाह्या सरसावायच्या.

मला हे काळं फडकं फार आवडतं. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकांना घडीव ॲल्युमिनियमची चाकं सर्रास दिसतात. पोलादी चाकापेक्षा ती बरीच हलकी, आणि भरलेल्या ट्रकच्या वजनाची कमाल मर्यादा ८०,००० पौंड असल्याने चाकात वाचलेला प्रत्येक पौंड मालाच्या कामी येतो. लेप दिलेली चाकंही मिळतात. पदरी शंभर ट्रक असलेल्या मालकाला तीच सोयीची. पण एकाच ट्रकवर पोट असलेला माणूस पुष्कळदा उघडं चाक पसंत करतो, आणि मला त्याचं पटतं. लेपाखालची चमक कारखान्यातून आलेली असते. लेपाला चरा गेला आणि त्याखाली गंज पसरू लागला की घरच्या घरी उपाय राहत नाही. उघडं चाक मळतं लवकर, पण हात फिरवला की पुन्हा उजळतं.

आयोवात इंटरस्टेट ८०च्या कडेला वॉलकॉट नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे ‘आयोवा ८०’ हा अवाढव्य ट्रकतळ आहे, आणि दर जुलैत तिथे ट्रकवाल्यांची जत्रा भरते. सजवलेल्या ट्रकांची सौंदर्यस्पर्धा हे तिचं मोठं आकर्षण. आपल्याकडे मालट्रकचा थाट रंगांत असतो: मोर, कमळं, गोंडे, पाठीवरची शेरोशायरी. इथला थाट धातूचा. आणि त्या थाटामागे काय कष्ट असतात ते हात पाहिले की कळतं. नखांच्या कडांत मुरलेला काळा रंग साबणाने जात नाही.

चाक आधी गार होऊ द्यायचं. तापलेल्या चाकावर साबण वाळतो आणि डाग धरतात, म्हणून काम सावलीत. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ, ब्रेकची पूड, डांबराचे शिंतोडे हे सगळं नटांच्या बुडाशी आणि भोकांच्या कडांना दडून बसलेलं असतं. ते आधी काढायचं. बारीक खड्डे पडले असतील तर वॉटरपेपर: ४०० नंबर, मग ६००, मग ८००. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे चरे पुसायचे. घाईत मधला नंबर गाळला तर ते चरे शेवटी, ऐन चमकीत, उठून दिसतात. मग ग्राइंडरवर कापडी बफ चढवायचा आणि त्याला पॉलिशची वडी लावायची. आधी कडक बफ, नंतर मऊ. बफ मळीने भरला की खरवडून मोकळा करायचा, नाहीतर तीच मळी चाकावर थापली जाते. डोळ्यांना गॉगल, तोंडाला मास्क. ॲल्युमिनियमची बारीक पूड पेटही घेते, त्यामुळे जवळपास ठिणगी नको. सरतेशेवटी चाकावर काळपट, तेलकट थर उरतो. त्यावर चक्क मैदा भुरभुरतात. पीठ तेल शोषून घेतं, मऊ फडक्याने पुसलं की खालून चाक असं निघतं की पुसणाऱ्याच्या हातमोज्याची शिवण त्यात मोजून घ्यावी.

पण आपण जे पाहतो तो निव्वळ धातू नसतोच. बफ पुढे सरकतो न सरकतो तोच हवेतला ऑक्सिजन उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. जाडी काही नॅनोमीटर, आणि पारदर्शक. लोखंडाचा गंज खपल्या होऊन गळतो आणि लोखंडाला खात जातो. हा पापुद्रा मात्र चिकटून बसतो आणि धातूला राखतो. मिठातला क्लोराइड त्याला भोकं पाडतो, तेव्हा चाक खड्ड्याखड्ड्यांचं होतं. गंमत म्हणजे माणिक आणि नीलम हे दगडही मूळचे ॲल्युमिनियमचे ऑक्साइडच, आणि पॉलिशच्या पुष्कळ वड्यांत घासायला पूड असते तीही त्याचीच. ॲल्युमिनियमला उजळतं ते ॲल्युमिनियमचंच भस्म!

चिंच लावून तांब्या घासणाऱ्या घरात वाढलेल्याला इथेही आंबटाचा मोह होईल. तो टाळावा. ॲल्युमिनियमला तीव्र आम्लही सोसत नाही आणि तीव्र क्षारही. ‘ब्राइटनर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते क्षणात मळ उडवतं, पण चाक पांढुरकं आणि निस्तेज करून ठेवतं. आणि कातडीवर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही, आत मात्र हाडापर्यंत उतरतं. दहा मिनिटं वाचवायला असला धोका पत्करणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

या धातूचा मान कधीकाळी वेगळाच होता. १८८४मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवलेला ॲल्युमिनियमचा कळस जेमतेम तीन किलोचा. तो वर चढण्याआधी न्यू यॉर्कमध्ये टिफनी जवाहिऱ्यांच्या दुकानात मांडला होता. दोनच वर्षांनी ओहायोतल्या ओबरलिन गावी चार्ल्स मार्टिन हॉल या तरुणाने विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळं करण्याची रीत शोधली आणि धातू स्वस्त झाला. त्याच्या कंपनीचीच पुढे अल्कोआ झाली, आणि ट्रकचं पहिलं घडीव ॲल्युमिनियमचं चाक तिनेच १९४८मध्ये काढलं. जवाहिऱ्याकडचा धातू चौसष्ट वर्षांत चिखलात उतरला, तरी ट्रकवाला त्याला जवाहिऱ्याच्याच निगुतीने पुसतो.

ही हौस आहे असं लोक म्हणतात. मला ती तपासणी वाटते. चाकाच्या इंचाइंचावरून ज्याचं बोट फिरतं त्याला नटाखालून निघालेला गंजाचा ओघळ दिसतो, म्हणजे नट सैल झाला असावा. टायर घासून झिजलेली रिमची धार त्याच्या बोटाला लागते. आणि बोल्टच्या भोकापासून निघालेली केसाएवढी तड्याची रेघ, जी मळाखाली कुणाला दिसली नसती, ती उजळलेल्या धातूवर स्पष्ट उमटते. अशा चाकाला वेल्डिंग करायचं नसतं. त्यावर कितीही घाम गाळलेला असो, ते उतरवून भंगारात द्यायचं आणि नव्या चाकाला पहिल्यापासून हात घालायचा.