झुको, नाना आणि भिवंडीचा नकाशा

ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडली की भिवंडीच्या आधी गोदामं लागतात. काल्हेर, पूर्णा, राहनाळ... रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची, खिडक्या नसलेली लांबच लांब गोदामं. मुंबईत कुणी मोबाइलवर बोट ठेवून मिक्सर मागवला तर तो बहुधा यांपैकीच एखाद्या गोदामातून निघतो. मग अंजूर फाटा, धामणकर नाका, कल्याण नाका. तिथून पुढे डोळे मिटले तरी कानाला कळतं की गाव आलं. खटाखट, खटाखट. आमच्याकडे येणारे पाहुणे पहिल्या रात्री झोपत नाहीत. आम्हाला उलट मागांचा आवाज थांबला की जाग येते.

याच गावात मी जन्मले, शिकले आणि गेली बरीच वर्षं उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि समाजशास्त्र शिकवते. २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून जास्त भरलेलं हे शहर बाहेरच्यांना सरसकट ‘यंत्रमागांचं मुस्लिम शहर’ वाटतं. आतल्यांना ते तसं वाटत नाही. खाडीच्या व्यापारापासून इथे असलेले, घरात कोकणी मराठी बोलणारे आम्ही कोकणी मुसलमान वेगळे. १८५७ नंतर उत्तरेकडून हातमाग घेऊन आलेले मोमीन विणकर वेगळे. त्यांच्यानंतर बिहारहून, उत्तर प्रदेशातून मागावर काम करायला आलेले आणखी वेगळे. पद्मानगरात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर आहेत, जुन्या गावात मराठी हिंदू घरं आहेत, आजूबाजूला आगरी गावं आहेत. माझ्या वर्गात एका बाकावर बसलेल्या तीन मुलींच्या घरी भाताला तीन वेगळे शब्द असतात.

मागच्या वर्षी आठवीच्या मुलांना मी आपल्या शहराचा नकाशा काढायला सांगितला. नदी, नाके, बाजार, शाळा, दवाखाना, एवढंच अपेक्षित होतं. चार मुलांच्या गटाने जे आणलं ते पाहून मी चक्रावले. त्यांनी भिवंडीचे चार देश केले होते. कामवारी नदीच्या काठाला निळा रंग देऊन लिहिलं होतं, पाणी जमात. गोदामांकडचा भाग धरती राज्य. उड्डाणपुलावर हवेचे भटके. आणि एका वस्तीला गडद लाल रंग देऊन लिहिलं होतं, अग्निराष्ट्र. त्या वस्तीचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या वस्तीतला एक मुलगा पुढच्या बाकावर बसतो. त्याने नकाशा पाहिला, एक शब्द बोलला नाही, आणि मधल्या सुट्टीत तो लाल भाग फाडून खिशात घातला.

मुलं म्हणाली, “टीचर, हे तर ‘अवतार’मधलं आहे.” मला काही कळलं नाही. त्या रात्री माझ्या बारा वर्षांच्या मुलीला विचारलं, तर तिने कपाळावर हात मारला. “अम्मी, तुम्हाला झुको माहीत नाही?”

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही अमेरिकेतली चित्रमालिका २००५ ते २००८ या काळात निकलोडियन वाहिनीवर आली. एकूण ६१ भाग. पाणी, धरती, अग्नी आणि हवा असे चार देश, प्रत्येकातल्या काहींना त्या-त्या तत्त्वाला हाताळण्याची विद्या, आणि अग्निराष्ट्राने शंभर वर्षं चालवलेलं युद्ध. त्या विद्येच्या हालचाली चिनी युद्धकलांवरून घेतल्या आहेत, म्हणून मुलगे शाळेच्या गच्चीवर हातवारे करत असतात. वीस वर्षं जुनी मालिका आजची मुलं मोबाइलवर शोधून पाहतात, याचं मला नवल वाटलं. तीन भाग पाहिल्यावर नवल संपलं आणि मीच चौथा लावला.

नायक दुसराच आहे, पण मुलांच्या तोंडी नाव झुकोचं. हा अग्निराष्ट्राचा शहजादा. एका सेनापतीने नव्या कोवळ्या शिपायांचा बळी द्यायचा बेत मांडला, तेव्हा हा मध्ये बोलला. शिक्षा म्हणून खुद्द बापाशी द्वंद्व. मुलाने बापावर हात उचलायला नकार दिला, तर बापाने त्याचा चेहरा जाळला आणि देशाबाहेर काढलं. सोबत गेले फक्त काका, आयरो. ते चहाचे शौकीन, गोल पोटाचे आणि युद्धात आपला एकुलता मुलगा गमावलेले. झुको पुढची दोन पर्वं बापाची मर्जी परत मिळवण्यासाठी धडपडतो आणि त्या धडपडीत काकांनाही दगा देतो.

पालकसभेत मी हे बोलले तेव्हा दोन-तीन जणांच्या भुवया वर गेल्या. एक जण म्हणाले, नावच अवतार, शिवाय जादू, मुलांच्या डोक्यात काय भरायचं? त्यांची काळजी मी उडवून लावत नाही. मुलांनी किती वेळ आणि काय पाहावं, ते घराने ठरवायचं. पण अमीर हमजाची दास्तान आपल्याच आजी-आजोबांनी ऐकली आहे. तिच्यात जादूगार, तिलिस्म, अय्यार यांचा नुसता सुळसुळाट आहे. बादशहा अकबराने तिची सुमारे १४०० चित्रं काढून घेतली आणि त्या कामाला पंधराएक वर्षं लागली. एकोणिसाव्या शतकात लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड छापले. कहाणी म्हणजे अकीदा नव्हे, एवढं त्या ऐकणाऱ्यांना कळत होतं. आठवीच्या मुलांनाही कळतं.

माझी पहिली चूक अशी झाली की मी शिक्षिकेसारखी वागले. वर्गात विचारलं, “झुकोच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?” सगळे गप्प. या प्रश्नात सापळा आहे हे मुलांना लगेच कळतं. बापाचं ऐकू म्हटलं तर भेकड, नाही ऐकणार म्हटलं तर नाफरमान. पुढच्या आठवड्यात प्रश्न बदलला. “काकांना काय वाटलं असेल?” मग मात्र वर्ग आवरेना. कुणी म्हणालं, काकांनी आधीच राजाला थांबवायला हवं होतं. कुणी म्हणालं, ते थांबवू शकत नव्हते, म्हणून तर सोबत गेले. मकतबमध्ये जाणारी एक मुलगी उठून म्हणाली की, सूरह मरियममध्ये हजरत इब्राहीम (अ.) वडिलांची चूक सांगतात, पण दर वेळी त्यांना अदबीने हाक मारूनच. वडील दगडांनी मारण्याची धमकी देतात, तरी ते सलाम करून, वडिलांसाठी माफीची दुआ मागेन असं सांगून बाजूला होतात. “झुकोपेक्षा ते जास्त कठीण आहे,” ती म्हणाली. मी खडू खाली ठेवला.

नकाशाचं काम मात्र तसंच राहिलं होतं. एका रविवारी पालकांची परवानगी घेऊन त्याच गटाला आणि पुढच्या बाकावरच्या त्या मुलाला घेऊन मी निघाले. अट एकच. ज्या भागाला रंग दिला तिथे पायी जायचं.

नदी नाक्यावर ‘पाणी जमाती’चं पाणी पाहून सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. कामवारीत काय-काय सोडलं जातं ते सांगायची गरजच पडली नाही. निजामपुऱ्याच्या जुन्या लाकडी घरांजवळून जाताना कळलं की, गटातल्या तिघांनी ती घरं आजवर रिक्षातूनच पाहिली होती. गोदामांचा ‘देश’ दुरूनच पाहिला. तिथे चालण्यासारखं काही नाही, नुसते ट्रक. शेवटी लाल रंगाची वस्ती आली. गल्ली अरुंद, वर वायरींचं जाळं, दोन्ही बाजूंना मागांचे कारखाने. बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. तो मुलगा आता आमच्या पुढे चालत होता. एका कारखान्याच्या दारात थांबून त्याने आत हात केला. त्याचे वडील चार माग एकटे सांभाळत होते. बारा तासांची पाळी. एका मागाचा ताणा तुटला होता. त्यांनी माग थांबवला, नजर न हटवता चिमटीने धागा गाठला आणि माग पुन्हा सुरू केला. आमच्याकडे पाहून फक्त मान हलवली, कारण दुसऱ्या मागाच्या धोट्यातली कांडी संपत आली होती.

नकाशा काढणाऱ्यांपैकी एक, जो सगळ्यांत बडबड्या, तो त्या हातांकडे पाहत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, “टीचर, याला तर वेगळीच विद्या म्हणायला पाहिजे.” त्यावर पुढच्या बाकावरचा मुलगा पहिल्यांदा हसला.

परतताना तो माझ्या बाजूने चालू लागला. त्याच्या अब्बूंना वाटतं की दहावीनंतर त्याने मागावर यावं. थोरला भाऊ आहेच तिथे, घराला हात लागेल. त्याला आयटीआयला जायचं आहे, इलेक्ट्रिशियन व्हायचं आहे. घरात बोललास का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “टीचर, झुको वडिलांसमोर खरं बोलायला गेला तेव्हा सूर्यग्रहण होतं. ग्रहणात राजाची आग चालत नाही. माझ्या अब्बूंना ग्रहण कधी लागतं?” मी हसणार होते, पण त्याचा चेहरा गंभीर होता. थोडं चालून त्यानेच उत्तर दिलं. “लाइट जाते तेव्हा. माग बंद पडतात, अब्बू बाहेर ओट्यावर येऊन चहा पितात.”

तो बोलला. दोन आठवड्यांनी, लाइट गेली असताना. काय झालं असं मी विचारलं तर म्हणाला, “बघू म्हणाले.” अजून ‘बघू’वरच आहे. सुट्टीच्या दिवशी तो कांड्या भरायला जातोच. वर्गात ज्या गोष्टी आठ महिन्यांत तो माझ्याशी बोलला नव्हता, त्या झुकोचं नाव घेऊन एका संध्याकाळी बोलला, एवढं मात्र मी पाहिलं. दुसऱ्याच्या बापाबद्दल बोलायला मुलं घाबरत नाहीत.

नवा नकाशा त्यांनी पुन्हा काढला. या वेळी रंग नव्हते, गल्ल्यांची नावं होती, आणि एका कारखान्याच्या जागी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘चार माग, एक माणूस’.

माझ्या घरची गोष्ट वेगळी आहे आणि ती लिहू की नको याचा मी बराच विचार केला. मी कोकणी, माझे पती मोमीन. अठरा वर्षांपूर्वी भिवंडीत ही साधी गोष्ट नव्हती, आजही फारशी नाही. माझे वडील निकाहला आले, कागदावर सही केली आणि न जेवता घरी गेले. नंतर नातवंडं झाली, येणं-जाणं सुरू झालं, पण ‘त्या लोकांत’ हा शब्द त्यांच्या तोंडून पूर्ण गेला नाही. इकडे सासूबाईही माझ्या हातच्या सांदणांना ‘तुमची मिठाई’ म्हणतात. दोघांचंही माझ्या मुलीवर जीवापाड प्रेम आहे, आणि दोघांनाही ती आपली एकट्याची वाटते.

मालिकेत झुकोला उशिरा कळतं की, बापाचे आजोबा युद्ध सुरू करणारे, तर आईचे आजोबा ते युद्ध अडवू पाहणारे. माझ्या मुलीने तो भाग थांबवून विचारलं, “अम्मी, आपल्यात चांगली बाजू कुठली? नानांची की दादांची?” इथे ती चित्रमालिका कामी येत नाही. तिच्यात एक घराणं जुलमी आहे. आमच्याकडे दोन्ही घराणी नुसती मानी आहेत. मी तिला एवढंच म्हटलं की, आपल्याकडे युद्ध कुणीच सुरू केलेलं नाही, रुसवे आहेत. तिला ते पटलं असं वाटलं नाही. “रुसवेपण कुणीतरी सुरू करतं,” ती म्हणाली.

या डिसेंबरात माझे वडील आठवडाभर राहायला आले. गुडघे गेलेत, दिवसभर खुर्चीत. नातीने त्यांना शेजारी बसून मालिका दाखवायला घेतली. त्यांना आयरो आवडले, चहामुळे. पहिल्या दिवशी हल्ल्याचं दृश्य आलं तेव्हा तिने विचारलं, “नाना, तुम्ही लहान होता तेव्हा भिवंडीवर हल्ला झाला होता?” मी स्वयंपाकघरात थबकले. १९७० आणि १९८४ ही वर्षं आमच्या गावात मोठी माणसं आवाज खाली करून उच्चारतात. ते म्हणाले, “हल्ला नाय, दंगल. मी काय ल्हान नव्हतो.” आणि चहा मागितला. ती गप्प बसली, आणि पुढे विचारलं नाही, हे तिने बरं केलं.

शेवटच्या दिवशी तंबूचा प्रसंग आला. दगा दिलेल्या काकांसमोर झुको रात्रभर बसून राहतो. सकाळी ते जागे होतात, तो रडत माफी मागू लागतो, आणि काका वाक्य पुरं होऊ न देता त्याला ओढून मिठीत घेतात. वडिलांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. माझे पती दारात उभे राहून पाहत होते, त्यांना आत यायला कुणी सांगितलं नव्हतं आणि ते गेलेही नव्हते.

“आणि याचा बाप?” वडिलांनी विचारलं.

“शेवटी कैदेत जातो,” माझी मुलगी म्हणाली. “झुको त्याला भेटायला जातो.”

“जातो?”

“हो, नाना.”

“बरा करतो,” ते म्हणाले. मग दाराकडे पाहून जावयाला म्हणाले, “उभे का? बसा ना.” तेवढ्यात लाइट गेली, गल्लीतले माग एकामागून एक थांबले, आणि मी मेणबत्ती शोधायला उठले.