आडवी रेघ

"सर, इथे केस चिकटलाय."

डाव्या पंखाच्या स्पारवर, पंखातल्या लांब लाकडी तुळईवर, बोट ठेवून पोरगा म्हणाला. मी नखानं खरवडलं. केस निघेना. प्लायची पट्टी संपते तिथूनच, स्प्रूसच्या रेषांना आडवी छेदत, बोटभर लांबीची नागमोडी रेघ गेली होती. आतले तंतू चेंगरले होते. हा स्पार आठवड्यापूर्वी मी स्वतः पास केला होता.

एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या शेडमधलं हे पुष्पक विमान. 1958 साली पहिल्यांदा उडालेली ही जात मला पाठ आहे, असं मी मालकाला सांगितलं आणि अंदाज दिला तो 90 अश्वशक्तीच्या इंजिनाचा, कापडाचा, डोपचा. कधीतरी पंखाचं टोक जमिनीवर आदळलं असणार. लॉगबुकात त्याची ओळसुद्धा नाही. त्या न लिहिलेल्या ओळीचं बिल आता मालक भरतोय. स्पार काढायचा म्हणजे एकेक खिळा उपटून सगळ्या रिब सोडवायच्या, पंख पुन्हा काटकोनात बसवायचा. गाठ नसलेला, सरळ रेषांचा सिटका स्प्रूस उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून मागवायचा. आणि एक स्पार असा निघाला की उरलेले तिन्ही संशयित.

हल्ली काहीजण आधी रंगाचं बघतात. मला त्यांचा राग येतो. कापड चढलं की ही रेघ कुणालाच दिसत नाही, उडवणाऱ्याला तर नाहीच. पण मीही तिच्यावर कापड चढवणारच होतो.

ही रेघ समोरून उजेड मारून सापडत नाही. टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवायची, उजेड रेषांच्या दिशेनं सरपटत सोडायचा, तेव्हा कुठे तिची सावली पडते. किती पोरांना मी हे शिकवलं! मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून मला टॉर्चभोवती वलय दिसतं. हे मी हँगरमध्ये कुणाला सांगितलं नाही. चाळीस वर्षांच्या माझ्या सहीवर कुणी शंका घेतलेली मला सोसली नसती. त्या दिवशी दिसलं नव्हतं, तरी पाहिलं असं लिहून मी सही केली.

रात्री झोप लागत नाही. डोळे मिटले की तोच स्पार समोर येतो, आणि मी रेघ शोधत राहतो.

काल उजव्या पंखाचं वार्निश घासून झालं. पोरगा लाकडावर ओणवा झाला, टॉर्च मी धरली.

"सर, अजून खाली धरा," तो म्हणाला.