एकवीस हजार तीनशे चाळीस

देवणीचे नाव महाराष्ट्राबाहेर पोहोचले ते काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या, लोंबत्या कानांच्या गोवंशामुळे. येथे बैल घेणारा माणूस विकणाऱ्याचे वर्णन कानांनी ऐकून घेतो, पण हात मात्र जनावराच्या जबड्याकडे नेतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला; वय दातांवरून ठरते. मोटारीला दात नसतात. ती किती चालली, हे सांगणारा एक आकडा काचेखाली दिसतो आणि घेणाऱ्याला त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

येथील एका धान्य व्यापाऱ्यांवर २०१९च्या दिवाळीनंतर तो आकडा सांगण्याची वेळ आली. मोटार होती ‘सॅन स्टॉर्म’. गोव्यात तयार झालेली, १९९८ साली बाजारात आलेली ही दोन आसनांची गाडी. काया फायबरची, इंजिन रेनो कंपनीचे आणि छत कापडी, मागे दुमडता येणारे. थोरल्या मुलाने पुण्यात नोकरीला असताना २००६ साली ती हौसेने घेतली. २०११ मध्ये तो परदेशी गेला, तेव्हा गाडी वडिलांच्या नावे झाली, लातूरच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि तुरीच्या कट्ट्यांशेजारी गोदामात उभी राहिली. गावात तिला ‘बिनटपाची गाडी’ म्हणत. लग्नाच्या वरातीसाठी ती मागायला लोक येत. व्यापारी हात जोडून नाही म्हणत.

दर रविवारी ते स्वतः इंजिन चालू करीत. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवीत. छताच्या घड्या एकाच जागी पडून कापड चिरू नये म्हणून ते महिन्यातून एकदा उघडून पुन्हा बसवीत. एवढे करूनही उभ्या गाडीचे दुखणे चालत्या गाडीहून वेगळे असते. रबर कडक होते, ब्रेक धरून बसतात, टाकीतले पेट्रोल शिळे होते. टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण त्याच्या कडेवरील चार अंक वाचले की तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला ते कळते. या गाडीचे चारही टायर २०१२चे होते.

काचेखालचा आकडा होता २१,३४०. जाहिरात धाकट्या मुलाने लिहिली आणि तोच आकडा मोठ्या अक्षरांत घातला. वडिलांनी वाचून कागद बाजूला ठेवला. किलोमीटर मोजणारे यंत्र मध्यंतरी काही महिने बंद होते, भाग मिळेपर्यंत गाडी तशीच चालली होती, हे त्यांना आठवत होते. किती चालली, ते मात्र आठवत नव्हते. त्यांनी जुनी वही काढली. घरात येणाऱ्या पेट्रोलचा थेंबही त्या वहीत लिहिलेला असे. त्या महिन्यांत १८० लिटर पेट्रोल भरल्याची नोंद सापडली. लिटरला चौदा किलोमीटर धरले, तर २,५२० किलोमीटर होतात.

“अण्णा, अडीच हजारांनी काय होतं? वीस वर्षांत कुणी दोन लाख चालवतो,” मुलगा म्हणाला.

“कट्ट्यात किलोभर माल कमी भरला तर काय होतं, हे तू गिऱ्हाइकाला विचारतोस का?”

परदेशातून थोरल्याचाही फोन आला. त्याचे म्हणणे रास्त वाटावे असे होते: आकडा खोटा केलेला नाही, यंत्र जे दाखवते तेच लिहायचे आहे. व्यापाऱ्यांनी ऐकून घेतले आणि जाहिरातीत ‘अंदाजे २३,९००, त्यातील अडीच हजार मोजणीबाहेर’ असे लिहायला लावले. पुढचे दहा दिवस कोणी फिरकले नाही. घरात कोणी काही बोलत नव्हते, पण जेवताना धाकट्याचा चेहरा पुरेसे बोलत होता.

अखेर भालकीचा एक तरुण कंत्राटदार आला. त्याने गाडी फिरवून पाहिली आणि पावणेतीन लाखांवरून अडीच लाख केले. मोजणीबाहेरच्या किलोमीटरचेच कारण सांगून. धाकट्याने वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, “टायर जुने आहेत, तेही धरा. छताची उजवी शिवण पावसात झिरपते.” तरुण हसला आणि म्हणाला, “शेठजी, आता आणखी कमी केले तर मलाच बरे वाटणार नाही.”

अडीच लाखांवर व्यवहार ठरला, पण तेथेच अडलाही. तरुणाने नोटांची पिशवी आणली होती. आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम २६९एसटीप्रमाणे एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नव्हती. घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकत होता. पिशवी परत गेली, पैसे बँकेतून आले. मग त्याने दुसरी सवलत मागितली: फॉर्म २९ आणि ३० कोरे ठेवून सह्या द्या, नाव मी सवडीने लावून घेतो.

अशा कोऱ्या सह्या सर्रास दिल्या जातात. कोरा धनादेश देताना ज्यांचा हात थरथरेल, तीच माणसे त्या देतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडूनच मागितली जाईल. त्या खटल्यातील गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती. नाव पहिल्याचेच राहिले होते.

भालकी कर्नाटकात. म्हणून फॉर्म २८ भरून लातूरच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेणे आले, पोलिसांकडील तपासणी आली, पलीकडचा कर आला. व्यापारी दोनदा स्वतः लातूरला गेले. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत गाडी गोदामातच राहिली, आणि पूर्ण पैसे घेऊनही गाडी अडवली म्हणून तरुण थोडा रुसला. किल्ली देताना वहीची ती पाने, २०१२ पासूनच्या दुरुस्तीच्या पावत्या आणि छताची एक सुटी पट्टी त्यांनी पिशवीत घालून दिली.

माघात बिदरच्या नोंदणीपुस्तकाचे छायाचित्र मोबाइलवर आले. व्यापाऱ्यांनी वहीत नवा क्रमांक लिहिला आणि खाली रेघ ओढली. त्या आठवड्यात हरभऱ्याची आवक सुरू झाली होती. गोदामात फरशीवर तेलाचा वाटोळा डाग होता. हमालांनी त्यावर पोते टाकले आणि कट्टे रचायला घेतले.