जवळ यायची मुभा

नवं मांजर घरी आलं की सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं. शेजारची मुलं धावत येतात, फोटो निघतात, पिल्लू या हातातून त्या हातात फिरतं. आणि एकदा का ते कपाटामागे शिरलं की रात्रीपर्यंत बाहेर यायचं नाव घेत नाही. पहिले काही दिवस त्याला एक लहान खोली पुरते. पाणी, खाण्याची वाटी, वाटीपासून लांब ठेवलेला लिटर ट्रे आणि लपायला पुठ्ठ्याचा एक आडवा खोका. घरातल्या एकाने तिथे जमिनीवर बसावं, पेपर वाचावा, कुणाशी हळू आवाजात फोनवर बोलावं. पिल्लाकडे टक लावून बघू नये, त्याला ओढून बाहेर काढू नये. ते आपणहून येऊन पायाच्या अंगठ्याचा वास घेतं, तिथून ओळख सुरू होते.

*

झुरिकच्या डेनिस टर्नर यांनी माणूस आणि घरातलं मांजर यांच्या सहवासाचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं: मांजर आपणहून जवळ येतं तेव्हा ती भेट लांबते, माणूस उठून मांजराकडे जातो तेव्हा ती लवकर आटोपते. कुत्र्यामांजरांना जीव लावण्याबद्दल मला जे सांगायचं आहे, त्याचं मूळ इथेच आहे. जवळ यायची मुभा द्यावी, तशी उठून जायचीही. हवं तेव्हा जाता येतं हे ज्याला कळलं, ते जनावर पुन्हा येतं.

*

मांजराला हात लावायच्या जागा ठरलेल्या: गाल, हनुवटी, कानांचं बूड. गंधग्रंथी इथेच असतात. आपण बाहेरून आलो की मनी पायाला गाल घासते, तेव्हा ती स्वतःचा वास आपल्याला लावत असते. पोट आणि शेपटीचं मूळ मात्र बहुतेक मांजरांना नको असतं. आधी बोट तिच्या नाकापुढे धरावं; तिने गाल टेकवला तरच खाजवावं, आणि तीन-चार सेकंदांनी थांबावं. डोक्याने हाताला ढुशी दिली तर आणखी हवं आहे. शेपटीचं टोक झटके देऊ लागलं, पाठीवरची कातडी थरथरली, कान बाजूला वळले, की पुरे. ‘काही नाही हो, एकदम चावली’ असं जिच्याबद्दल सांगतात, तिने बहुतेक वेळा हे सगळं आधी सांगून झालेलं असतं.

*

नजरेचंही तसंच. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघणं त्याला धमकी वाटते. तोच कुत्रा घरचा झाला की नजरेचा अर्थ बदलतो. जपानमधल्या अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५मध्ये दाखवलं की पाळलेला कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्हं बाळ यांच्यातल्या मायेशी जोडलेलं हेच संप्रेरक. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये तसं आढळलं नाही. मांजराशी बोलायचं तर डोळे अर्धे मिटायचे, सावकाश उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२०च्या अभ्यासात मांजरांनी अशा मिटल्या डोळ्यांना तसाच प्रतिसाद दिला, आणि असं करणाऱ्या परक्या माणसाजवळही ती जास्त सहज गेली.

*

खाऊ घातला की कुत्रा आपला होतो, ही समजूत अर्धीच खरी. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम केलं आणि २०१७मध्ये ते प्रसिद्ध झालं. अनोळखी माणसाच्या अंगाला लागायला ही कुत्री आधी बिचकत होती. मग काहींना पुन्हा पुन्हा खाऊ दिला, काहींना पुन्हा पुन्हा गोंजारलं. विश्वास बसवायला गोंजारणं जास्त कामी आलं. ज्यांच्या वाट्याला दिवसभरात हाड्-हुड् आणि दगडच येतात, त्यांना मायेने फिरलेला हात बिस्किटापेक्षा मोठा वाटावा, यात मला नवल वाटत नाही.

*

वयाचं गणित. कुत्र्याचं पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत, आणि मांजराचं दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत, जगाशी सगळ्यात मोकळेपणाने ओळख करून घेतं. या काळात ज्या माणसांचे हात लागले, जे आवाज कानावर पडले, ते पुढे आयुष्यभर परके वाटत नाहीत. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, लांबून येणारा ढोल-ताशा, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला: सगळं थोडं थोडं, पिल्लू मजेत असताना. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर खाली न सोडता कडेवर घेऊन गल्लीत फिरवावं.

आणि महिन्याभराचं पिल्लू आईपासून तोडून आणू नये, कुणी विकायला आणलं तरी. निदान आठ आठवडे त्याने आईजवळ आणि भावंडांत काढावेत. किती जोरात चावलं की समोरचा खेळ सोडून जातो, हे त्याला भावंडंच शिकवतात.

*

सकाळचं फिरणं. सोसायटीच्या फाटकाबाहेर कुत्रं एका स्कूटरच्या चाकापाशी थांबतं. नाक चाकाच्या खालच्या कडेला लावतं, एकदा वर नेतं, मागे येतं, पुन्हा त्याच जागी. नाकपुड्या भराभर हलतात, कान स्थिर, शेपूट आडवी. रात्रीतून इथून कोण गेलं, नर की मादी, ओळखीचा की नवा, हे सगळं त्याला तिथे कळत असतं. तेवढ्यात पट्ट्याला हिसका बसतो: ‘चल रे, उशीर होतोय!’ दिवसभर चार भिंतींत राहणाऱ्या जिवाला बाहेरच्या जगाची खबर एवढीच मिळते. दिवसातली एक फेरी तरी त्याच्या नाकाच्या चालीने व्हावी. तो थांबेल तिथे आपण थांबावं, पट्टा ढिला ठेवावा.

*

‘बघा, त्याला कळतंय आपण काय केलंय ते.’ फाडलेल्या उशीशेजारी मान खाली घालून बसलेल्या कुत्र्याबद्दल हे हमखास ऐकू येतं. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये हे तपासून पाहिलं. तो ओशाळा चेहरा कुत्र्याने केलेल्या आगळिकीमुळे येत नव्हता, माणसाच्या रागावण्यामुळे येत होता. काहीच न केलेली कुत्रीही रागावल्यावर तशीच दिसली. मुतलेल्या जागी नाक घासणं, पेपरची गुंडाळी करून मारणं, यातून कुत्रं एवढंच शिकतं की आपल्या माणसाचा नेम नाही. जागा मुकाट्याने पुसावी, पुढच्या वेळी वेळेवर खाली न्यावं, आणि योग्य जागी केलं की तिथल्या तिथे तोंडभरून कौतुक करावं.

*

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला दटावू नये. तो ‘नको’ म्हणतोय, आणि चावण्याआधी म्हणतोय, हे त्याचं सौजन्य आहे. घरातल्या लहान मुलांना हे पहिल्यांदा शिकवावं: खाताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही, मिठी मारायची नाही, तो उठून गेला तर मागे जायचं नाही.

*

दिवाळीत फटाके सुरू झाले की कुत्रं पलंगाखाली शिरतं, धापा टाकतं, लाळ गाळतं. तेव्हा कुणीतरी हटकून सांगतं, ‘जवळ घेऊ नका, भीती वाढेल.’ भीती ही भावना आहे, ती मायेने जवळ घेतल्यामुळे वाढत नाही. त्याला अंगाला अंग लावून बसायचं असेल तर बसू द्यावं. उजेड असतानाच फिरवून आणावं, आतली खोली निवडावी, खिडक्या-पडदे लावावेत, पंखा आणि टीव्ही सुरू ठेवावा. पलंगाखालीच बरं वाटत असेल तर तिथेच राहू द्यावं, तिथे जुनी गोधडी टाकावी. फारच त्रास होणारा असेल तर पशुवैद्यांशी दिवाळीच्या बऱ्याच आधी बोलावं. भीती कमी करणारी औषधं मिळतात.

*

आपल्याकडे माया म्हणजे खाऊ घालणं. प्रसादाच्या शिऱ्यातला घास ताटाजवळ बसलेल्याला दिल्याशिवाय राहवत नाही, पण शिऱ्यात बेदाणे असतात आणि द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा, लसूण आणि चॉकलेटही नको. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, म्हणून घरातली औषधं परस्पर कधीही देऊ नयेत. लाड करायचेत तर उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे, बिनमिठाचे.

*

रोज मांडीवर येणारी मांजर एकाएकी हात झिडकारू लागली, तर तिचा स्वभाव बदलला असं समजू नये. दात, सांधे, लघवीची जागा, कुठेतरी दुखत असतं. घुरघुरणं म्हणजे खुशीच, असंही नाही. वेदनेतही मांजर घुरघुरते. अशा वेळी तिला दवाखान्यात नेणं हीच माया. रेबीजची लस आणि वर्षाची तपासणीही याच खात्यातली.

*

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४मध्ये एक जुनं दफन सापडलं: एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रं, सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. २०१८मध्ये त्या कुत्र्याचे दात पुन्हा तपासले गेले. ते साधारण सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला डिस्टेंपर झाला असावा असं दिसलं. या आजारात कुणी पाणी पाजलं नाही, ऊब दिली नाही, स्वच्छ ठेवलं नाही, तर पिल्लू जगत नाही. हे पिल्लू काही आठवडे तगलं. शिकारीला किंवा राखणीला त्याचा काडीचा उपयोग नसताना कुणीतरी त्याची शुश्रूषा करत होतं.

*

दत्तक घ्यायला येणारे बहुतेक जण पिल्लूच मागतात. ‘मोठ्याला आता काय लळा लागणार?’ बुडापेस्टच्या मार्ता गाची आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये निवारा केंद्रांतल्या मोठ्या कुत्र्यांवर याचा अभ्यास केला. एका माणसाने दर खेपेला दहा मिनिटं, अशा तीन भेटी घेतल्या, तेवढ्यानेही ती त्या माणसाला आपलं मानू लागल्याची चिन्हं दिसली. मोठ्या कुत्र्याची चण, स्वभाव, मुलांशी आणि मांजरांशी त्याचं जमतं की नाही, हे सगळं आधीच समोर असतं. पिल्लाचं ते नंतर कळतं. तेव्हा निवारा केंद्रात गेलात तर पिल्लांच्या पिंजऱ्यापाशीच थांबू नका. एखाद्या मोठ्या कुत्र्याजवळही, थोडं तिरकं वळून, जमिनीवर दहा मिनिटं बसा. आणि उद्या पुन्हा जा.